मुठीतली धुळाक्षरं

मीत मॉ हा थाई चाकू हातात आला की नवखा माणूस आधी धार बघतो. अंगठा पात्यावर आडवा फिरवतो, बोथट लागली की ओठ मुरडतो, आणि चाकू परत ठेवतो. जाणता माणूस धारेकडे ढुंकूनही बघत नाही. तो चाकू डोळ्यांजवळ नेतो आणि पातं जिथे मुठीत शिरतं तो बोटभर भाग न्याहाळत बसतो. तिथे धातूचं एक कडं असतं, कड्याच्या आत लाखेची काळपट तांबूस कडा दिसते, आणि त्या लाखेच्या मागे काय आहे ते कुणालाच दिसत नाही. या चाकूत जे काही मोलाचं आहे ते तिथे आहे.

थाई भाषेत 'मीत' म्हणजे चाकू. आपल्या कानाला तो मित्र वाटतो, पण तो निव्वळ योगायोग. 'मॉ' म्हणजे वैद्य. जडीबुटी देणाराही आणि बाधा उतरवणाराही. आपल्याकडे गावात ज्याला देवरुषी किंवा जाणता म्हणतात, त्याच्या जवळपास जाणारा शब्द. म्हणजे हा झाला वैद्याचा चाकू. त्याचंच पोशाखी नाव 'मीत थेप सात्रा'. त्यातला थेप म्हणजे देव आणि सात्रा म्हणजे शस्त्र. याने भाजी चिरायची नसते, सुतळी कापायची नसते. पातं भांड्यातल्या पाण्यात बुडवून मंत्र म्हणायचे आणि ते पाणी आजाऱ्याला द्यायचं, बाधा झालेल्याच्या अंगावरून पातं फिरवायचं, घरात उंचावर देवापाशी ठेवायचा किंवा प्रवासात जवळ बाळगायचा, एवढीच त्याची कामं.

लोखंडाला भुतं भितात ही समजूत मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा सुरी ठेवणारी घरं अजून आहेत, आणि हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात लिंबू खोचलेली कट्यार देणारीही. पण आपल्याकडे ती सुरी स्वयंपाकघरातून आलेली असते आणि काम झालं की स्वयंपाकघरात परत जाते. थायलंडमधला हा चाकू पहिल्यापासून त्याच कामासाठी घडवलेला असतो.

घडवणाऱ्या अनेक परंपरा आहेत, पण संग्राहकांच्या बोलण्यात एक नाव इतरांपेक्षा फार वर आहे: लुआंग फो दर्म. 'लुआंग फो' म्हणजे आदरणीय पिताजी, वयस्कर भिक्खूला लावायचं संबोधन. नावातला 'र' थाई माणूस उच्चारत नाही, तो रोमन लिपीतून आलाय, पण आता सगळीकडे तसंच लिहितात. हे मध्य थायलंडच्या नखोन सावन प्रांतातले. प्रांताचं नाव नीट ऐकलं तर त्यात 'नगर' आणि 'स्वर्ग' सापडतात. तिथल्या ताखली तालुक्यात वाट नोंग फो हा त्यांचा विहार. अंगकोर वाटमधला वाट तोच हा. नोंग म्हणजे तळं आणि फो म्हणजे बोधिवृक्ष. जन्म १८६०, मृत्यू १९५१. भिक्खू म्हणून नाव बुद्धसरो. विहार बांधणं हे त्यांचं मोठं काम, आणि लाकूड ओढायला त्यांच्याकडे हत्ती असत. त्यामुळे त्यांच्या नावाच्या वस्तूंमध्ये हत्ती आणि हस्तिदंत पदोपदी दिसतात: दंतात कोरलेले छोटे सिंह, दंती मुठीचे चाकू, आणि माहुताच्या चाकूच्या घाटाची मोठी पाती. जवळच्याच फयुहा खीरी भागात दंतकोरीव कामाची जुनी परंपरा आहे. कारागीर हाकेच्या अंतरावर आणि विद्या जाणणारा भिक्खू विहारात असल्यावर हा चाकू इथेच का नावारूपाला आला, हे वेगळं सांगायला नको.

आता चाकूच उघडू. उघडू म्हणजे शब्दांनी. प्रत्यक्षात उघडायचा नसतो.

पातं एकाच बाजूला धारेचं. पाठ बरीचशी सरळ, पोट किंचित फुगलेलं आणि टोकाकडे निमुळतं होत गेलेलं. मागच्या बाजूला पात्याची बारीक शेपटी, जी मुठीत शिरते. तिला थाईत 'कान' म्हणतात. मूठ म्हणजे 'दाम', म्यान म्हणजे 'फाक'. मूठ आणि म्यान दंताचे, लाकडाचे किंवा एक दंती आणि एक लाकडी. दोन्हींवर कडी, म्हणजे 'वेन'. उत्तम चाकूत कडी तीन धातूंची: सोनं, चांदी आणि 'नाक'. नाक म्हणजे सोनं आणि तांब्याचा तांबूस मिश्रधातू. या त्रिकुटाला 'साम कसात' म्हणतात, तीन क्षत्रिय. क्षत्रिय म्हणजे इथे राजे. सगळ्यात लहान चाकू खिशाला पेनासारखा अडकवता येईल एवढा असतो आणि त्याला 'पाक्का' म्हणजे पेनच म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ कावळ्याची चोच. टाकाचं टोक तसं दिसतं म्हणून टाकाला तो शब्द गेला, आणि टाकावरून चाकूला. मधला आकार वीतभर, आणि त्याहून मोठे ते देवापाशी ठेवायचे.

लाकूड निवडतात ते नावावरून, टिकाऊपणा नंतर. 'खनुन' म्हणजे फणस, आणि त्याच्या नावात 'नुन' म्हणजे आधार देणं आहे. 'फयुंग' म्हणजे सयामी शिसव, आणि याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ सावरून धरणं. 'साक' म्हणजे साग, तो 'शक्ती'शी जोडतात. 'राचफ्रुक' म्हणजे राजवृक्ष, तोच आपला बहावा, ज्याचं पिवळं फूल थायलंडचं राष्ट्रीय फूल आहे. शब्दावर श्लेष करून वस्तू घडवायची ही पद्धत आपल्याला पोरकट वाटू शकते. 

लोखंडाची गोष्ट मोठी आहे. उत्तरेतल्या उत्तरादित प्रांतात नाम फी नावाचं गाव आहे. तिथल्या खनिजापासून काढलेलं लोखंड 'लेक नाम फी' म्हणून ओळखलं जातं. दोन खाणी नावाजलेल्या: बो फ्रा सेंग आणि बो फ्रा खान. बो म्हणजे खड्डा किंवा विहीर, फ्रा सेंग म्हणजे राजशस्त्र आणि खान म्हणजे खड्ग. राजाच्या शस्त्रांसाठी राखलेल्या खाणी, असा त्यांचा लौकिक. हे लोखंड असलेलं पातं शोधत संग्राहक फिरतात. त्याशिवाय विहाराच्या लाकडी सांगाड्यातले जुने खिळे, शवपेटीचे खिळे, चैत्याच्या शिखरावरचं लोखंड, भिक्खूचं फुटलेलं भिक्षापात्र हेही पात्यात घालतात. शवपेटीचे खिळे सात वेगवेगळ्या स्मशानांतले असतील तर उत्तम.

ही यादी भिक्खूंनी रचलेली नाही. 'खुन चांग खुन फेन' या थाई लोककाव्यात नायक आपली तलवार घडवतो तेव्हा जवळपास हेच साहित्य गोळा करतो: महाधातूच्या, म्हणजे बुद्धाच्या अस्थींच्या, चैत्याच्या शिखराचं लोखंड, राजवाड्याच्या दाराचं, शवपेटी ठोकलेलं, मोडकं राजशस्त्र, काशाचा भाला, तांब्याची किरीस कट्यार, हत्ती-बैलांच्या टोचणीचं, बो फ्रा सेंगचं आणि नाम फीचंही. गावातल्या प्रत्येक उंबरठ्यावरचं लोखंड एका पात्यात. देवाच्या दारचं, राजाच्या दारचं आणि मसणातलंही.

लोहाराच्या बाजूने बघितलं तर हे साहित्य म्हणजे डोकेदुखी. जुना खिळा म्हणजे मऊ, कार्बन कमी असलेलं, मळीचे धागे असलेलं लोखंड. नवी पोलादी पट्टी त्याच्यापेक्षा कडक. दोन्ही एकजीव करायचे तर भट्टीत पिवळसर पांढऱ्या रंगापर्यंत, म्हणजे साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून ठोकावे लागतात. थोडं कमी तापलं तर थर जुळत नाहीत, आणि काही वर्षांनी पात्याच्या पाठीवर केसासारखी लांब चीर दिसू लागते. थोडं जास्त तापलं तर ठिणग्या उडतात. ठिणगी उडाली म्हणजे पोलाद जळलं. म्हणून बऱ्याच पात्यांमध्ये या पवित्र लोखंडाचा भाग चिमूटभरच असतो, आणि त्यात फसवणूक नाही. विरजणाला दही किती लागतं? हत्यार म्हणून पातं मध्यम दर्जाचं निघालं तरी बिघडत नाही, कारण त्याने कापायचंच नाही. जे लोक 'किती धारदार आहे' यावरून किंमत ठरवतात, ते सतार वजनावर घेतात. आणि धार लावून घेणारे तर त्याहून पुढचे. कानशीच्या दोन हातांत जुनं काळवंडलेलं पृष्ठ आणि त्यावरची अक्षरं दोन्ही जातात, आणि ती परत येत नाहीत.

ही अक्षरं बहुधा 'खोम' लिपीतली, म्हणजे जुन्या ख्मेर वळणाची. भाषा पाली. लोखंडी लेखणीने कोरायची, आणि प्रत्येक अक्षराबरोबर त्याचं ठरलेलं सूत्र म्हणायचं. मराठी वाचकाला यातली काही अक्षरं ओळखीची वाटतील. 'न मो बु द्धा य' ही पाच अक्षरं या कल्पातल्या पाच बुद्धांची. 'म अ उ' ही तीन त्रिरत्नांची. अ, उ, म असा क्रम लावला की काय होतं ते सांगायला नको. थाई गुरू मात्र त्यांचा अर्थ अरहं, उत्तमधम्म आणि महासंघ असा लावतो, आणि त्याच्या अंगणात तोच खरा.

आता मुठीत काय भरतात ते. इथे थोडं थांबायला हवं, कारण या विद्येतली मला सर्वात सुंदर वाटणारी गोष्ट इथे आहे.

मुठीत भुकटी भरतात. ती कशाची, तर पुसलेल्या अक्षरांची. लोपबुरीकडे मिळणारी पांढरी मऊ माती असते, 'दिनसो फोंग'. ती भिजवून, त्यात इतर जिनसा मिसळून खडूच्या कांड्या वळतात आणि वाळवतात. मग भिक्खू दगडी पाटी घेऊन बसतो. पाटीवर अक्षर लिहायचं, लिहिताना सूत्र म्हणायचं, लिहून झालं की दुसरं सूत्र म्हणत पुसायचं, पुन्हा लिहायचं, पुन्हा पुसायचं. पुसताना जी धूळ पाटीवरून खाली पडते ती गोळा करायची. ती धूळ म्हणजे औषध. आपल्याकडे पाटीवर धूळ पसरून बोटाने गिरवायची पद्धत होती, तिला धुळाक्षरं म्हणत. तिथे धुळीतून अक्षर उमटायचं, इथे अक्षरातून धूळ झडते.

अशा भुकट्या पाच प्रकारच्या मानतात: पथमं, इत्थिचे, महाराज, त्रीनिसिंहे आणि बुद्धगुण. पथमंमध्ये 'न' हे एकच अक्षर बिंदूपासून बांधत नेतात. बिंदू, दंड, भेद, अंकु, शिर असे त्याचे अवयव. ते अक्षर पूर्ण होतं, त्यातून पुढची रूपं निघतात आणि शेवटी सगळं पुसत पुसत शून्यावर आणतात. इत्थिचेची मुळं कच्चायनाच्या पाली व्याकरणाच्या अभ्यासात आहेत असं मानतात. संधीचे नियम घोकता घोकता कुणाला तरी ते मंत्रासारखे वाटू लागले असतील, तर पाणिनीच्या शाळेत बसलेल्या कुणालाही ते पटावं. त्रीनिसिंहेत अक्षरांऐवजी अंक मांडतात. सूत्र असं आहे: तीन सिंह, सात नाग, पाच विष्णू, चार देव, सहा वज्रराज, पाच इंद्र, एक यक्ष, नऊ देव, पाच ब्रह्मा, दोन राजे, आठ अरहंत, पाच बुद्ध. सगळे मिळून साठ. विष्णू आणि अरहंत एकाच बेरजेत.

एका पाटीतून चिमूटभर धूळ निघते. चाकूच्या मुठीत जाणारी भुकटी त्या चिमटींची असते, शिवाय तिच्यात वनस्पतींची चूर्णं मिसळतात. भुकटीबरोबर 'तक्रुत' जातो. तक्रुत म्हणजे सोनं, चांदी किंवा नाकच्या पातळ पत्र्यावर यंत्र कोरून केलेली सुरळी, आपला ताईत. ही सुरळी पात्याच्या शेपटीभोवती गुंडाळतात किंवा पोकळीत ठेवतात. काही चाकूंत गुरूंच्या मुंडनाचे केसही असतात. मग लाख.

लाख म्हणजे थाई 'ख्रांग'. तीच, किड्याची, आपल्याकडे पळस-कुसुमावर होते ती. मुठीला आधी भोक पाडलेलं असतं, शेपटीपेक्षा किंचित मोठं. तळाशी भुकटी, मग लाख, मग गरम केलेली शेपटी आत दाबायची आणि थंड होईपर्यंत सरळ धरून ठेवायची. पाच मिनिटांचं काम, पण यातच सगळ्यात जास्त चाकू बिघडतात. लाख साधारण ६५ ते ७० अंशांना मऊ पडते आणि ७५-८० ला वितळते. शेपटी फार तापवली तर लाख करपते, तिच्यात बुडबुडे धरतात, रंग काळा होतो आणि ती बिस्किटासारखी ठिसूळ होते. दंताची मूठ असेल तर आतून तडकते. कमी तापवली तर लाख लोखंडाला धरतच नाही. चाकू दिसायला ठीक दिसतो, वर्षभराने खुळखुळू लागतो. कोयत्याची शेपटी तापवून मुठीत ठोकणाऱ्या आपल्याकडच्या लोहाराला हे गणित न सांगता कळेल.

यानंतर 'प्लुक सेक'. प्लुक म्हणजे जागं करणं. विहारातल्या मोठ्या सोहळ्यात अनेक भिक्खू बसतात, वस्तूंभोवती पांढरा दोरा फिरवलेला असतो आणि त्याचं टोक त्यांच्या हातात असतं. त्या दोऱ्याचं नाव 'साय सिन', त्यात सिंचन आहे. आणि सोहळ्याचं नाव 'फुत्थाफिसेक', म्हणजे बुद्धाभिषेक. पण जाणत्यांचा कल एकट्या गुरूने वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यात विहार न सोडण्याचे, तिन्ही महिने रोज बसून सिद्ध केलेल्या चाकूकडे असतो. 'त्राइमात' म्हणतात त्याला, त्रैमास. शनिवारी पंचमी आली की त्या दिवसाला 'साव हा' म्हणतात, आणि कडक कामाच्या वस्तूंसाठी तो दिवस फार मानतात. शनिवार तिथेही कडक.

पात्याने पाणी सिद्ध करायची कल्पना फक्त गावच्या वैद्याची नव्हती. थाई राजचिन्हांत 'फ्रा सेंग खान चाय सी' नावाचं खड्ग आहे. त्याचं पातं कंबोडियातल्या तोन्ले साप सरोवरात कोळ्यांच्या जाळ्यात सापडलं आणि १७८४ मध्ये पहिल्या रामाकडे, म्हणजे थायलंडच्या आजच्या राजवंशातल्या पहिल्या राजाकडे, आलं. पातं ६४.५ सेंटिमीटर लांब आहे. राजनिष्ठेच्या शपथेसाठी राजशस्त्रं पाण्याला लावायची आणि ते पाणी अधिकाऱ्यांनी प्यायचं, असा दरबारी विधी १९३२ पर्यंत चालला. शपथ मोडली तर ते पाणीच शस्त्र होईल, हा त्याचा अर्थ. आजाऱ्याला दिलेल्या वाटीभर पाण्यात आणि या पाण्यात तत्त्वाचा फरक नाही.

इथे मराठी बौद्ध वाचक अस्वस्थ होईल, आणि त्याने व्हायलाच हवं. १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेतून आलेला, विवेकावर उभा असलेला धम्म आणि हे मंतरलेले चाकू यांचं कुठे जुळायचं? थाई भिक्खूंनाही हा प्रश्न नवा नाही. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात भिक्खूने ज्या विद्यांपासून दूर राहायचं त्यांची लांबलचक यादी आहे, आणि तिचं नाव 'तिरच्छानविज्जा', म्हणजे पशूंच्या, हीन विद्या. थाई भाषेत हा शब्द आजही निंदेसाठी वापरतात. मंतरणाऱ्या भिक्खूचं उत्तर साधारण असं असतं, की म्हटलेले शब्द बुद्धाच्या गुणांचे आहेत, आणि ज्याच्याकडे चाकू आहे त्याने पंचशील पाळलं नाही तर चाकू नुसतं लोखंड आहे. हे उत्तर पटेल न पटेल. संग्राहकाने मात्र दोन्ही बाजू माहीत असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, नाहीतर त्याच्या कपाटात शेवटी नुसती हत्यारं जमतात.

बाजाराची भाषाही याच संकोचातून आली आहे. पवित्र वस्तू 'विकत घेतली' असं थाई माणूस म्हणत नाही. तो म्हणतो 'चाव', भाड्याने घेतली; किंवा 'बुचा', म्हणजे पूजेला घेतली. पैसे तेच, घासाघीस तीच. बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीकाठी था फ्रा चान नावाचा धक्का आहे, चंद्राचा धक्का, तिथला ताईत बाजार जुना आणि प्रसिद्ध. टेबलांवर हजारो वस्तू आणि प्रत्येकाच्या डोळ्याला दहापट भिंग. जाणकाराला 'सियान' म्हणतात, खऱ्याला 'थे', खोट्याला 'के'. जिथे खोट्यासाठी एक अक्षर पुरतं, तिथे ते किती वेळा उच्चारावं लागत असेल याचा अंदाज करावा.

लुआंग फो दर्म यांच्या नावावर खोटे चाकू अमाप आहेत. तपासायची सुरुवात कड्यांपासून करावी. जुनं कडं हाताने पट्टी वळवून डाग दिलेलं असतं, म्हणून भिंगाखाली सांध्याची रेघ दिसते. सांधाच नसेल तर ते नळीचा तुकडा कापून केलेलं, म्हणजे बहुधा अलीकडचं. चांदीच्या कड्यावर नक्षीच्या खोलगट भागात काळेपणा आणि उंच भागात झिजेची चमक हवी. सगळीकडे सारखा काळा रंग असेल तर तो औषधात बुडवून आणलेला. मग अक्षरं. हाताने कोरलेल्या रेघेत सुरुवात आणि शेवट वेगळे दिसतात, खोली बदलते, वळणावर हात अडखळलेला कळतो. लेझरने कोरलेली रेघ सगळीकडे एका खोलीची, कडेला भाजल्यासारखी. रेघेच्या तळाशी पात्याच्या बाकीच्या पृष्ठासारखाच जुना गंज हवा. पातं काळं आणि रेघ चकचकीत, म्हणजे जुन्या पात्यावर नवी अक्षरं. ही फसवणूक सर्वात अवघड, कारण तिच्यात निम्मं खरं असतं.

मग लाख. जुनी लाख आक्रसते, कड्यापासून केसभर सुटते, तिच्यावर बारीक तडे जातात आणि रंग गडद तांबडा-तपकिरी होतो. लाखेऐवजी भरलेल्या इपॉक्सी गोंदावर रंग मारला की तो तसा सुटत नाही; प्लास्टिकसारखा एकसंध, कडेला किंचित चढलेला दिसतो. इथे सुई तापवून टोचण्याचा सल्ला काही जण देतात. तो पाळू नये. खरा निघाला तर टोचलेला खरा हाती राहतो.

दंत ओळखायला मुठीचं टोक बघावं. हत्तीच्या दंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. बाहेरच्या कडेजवळ त्यांचा कोन ११५ अंशांहून मोठा असेल तर आजचा हत्ती, ९० हून लहान असेल तर मॅमथ. हाडात जाळी नसते, काळे ठिपके आणि बारीक रेघोट्या असतात, कारण तिथून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. प्लास्टिकमध्ये दोन्ही नसतात, क्वचित बुडबुडा सापडतो.

पण हे सगळं ज्ञान भारतात राहणाऱ्याने थायलंडमध्येच वापरून तिथेच सोडून द्यावं. आशियाई हत्ती १९७५ पासून साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, आणि आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. दंती मुठीचा चाकू कितीही जुना, कितीही पवित्र असला तरी बॅगेत घालून मुंबईला उतरायचं नाही. वाघाच्या दाताचंही तेच. सयामी शिसवही २०१३ पासून साइट्सच्या यादीत आहे, त्यामुळे त्याची कागदपत्रं विचारावीत. फणस, साग, बहावा यांना ही अडचण नाही, आणि तसे चाकू मुळीच हलके मानले जात नाहीत. जुनी वस्तू थायलंडबाहेर नेताना तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागू शकतो. १९६१ चा कायदा आहे. आणि आपल्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं वेगळ्या वर्गात जातं, तेव्हा माहुती घाटाचा मोठा चाकू मनात भरला तर आधी पट्टी काढावी.

घरी आणल्यावर त्याचा शत्रू म्हणजे आपला पावसाळा. कोकणात जून ते सप्टेंबर म्यानात बंद ठेवलेला चाकू दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीच्या पूजेसाठी काढायला जावं तर निघत नाही. लाकडी म्यान ओल शोषून फुगतं आणि ती ओल पात्याला चिकटवून ठेवतं. अशा वेळी हिसका देऊ नये. म्यान बऱ्याचदा दोन फाळक्या चिकटवून केलेलं असतं आणि हिसक्याने ते सांध्यावर उकलतं. आठवडाभर कोरड्या खोलीत ठेवावं, आपोआप सैल होतं. पावसाळ्यात पातं आणि म्यान वेगवेगळे ठेवणं सर्वात बरं. पातं धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावं. सिलिका जेलची पुडी लोखंडाला चांगली आणि लाकडाला वाईट, बंद डब्यात ती मूठ इतकी सुकवते की तडे जातात. पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता दोघांनाही चालते. पात्यावर खोबरेल लावू नये, ते चिकट होतं आणि धूळ धरतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन पुसावं, अक्षरांच्या खाचांत साचू देऊ नये. नारिंगी, बोटाला लागणारा गंज तेवढा लाकडी काडीने काढावा. काळा-करडा घट्ट गंज हात न लावता ठेवावा. पात्यावर सोन्याचा वर्ख चिकटवलेला असेल तर तो कुणीतरी केलेली पूजा आहे, खरवडू नये.

पाण्यात बुडवायचं झालं तर टोकाकडची दोन बोटं. कड्यापर्यंत पाणी गेलं की लाखेच्या तड्यातून ते शेपटीपर्यंत पोचतं, आत गंज धरतो, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि मूठ आतून फुटते. आणि उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डवर कधीही नको. वर लाखेचे अंश दिले आहेत, तेवढं तापमान एप्रिलमध्ये तिथे सहज होतं. थाई माणूस त्याला कमरेखाली ठेवत नाही, ओलांडत नाही. श्रद्धा नसलेल्यानेही हे पाळावं. उंच फळीवरची वस्तू लाथेने पडत नाही.

तरी मूठ कधीतरी सैल होतेच. तेव्हा मोठा मोह होतो: आता सुटलंच आहे, तर काढून बघू. नव्याने घट्ट करायची तर जुनी लाख वितळवावी लागते, आणि वितळताना आतली भुकटी लाखेत कालवली जाते. थोडं हलत असेल तर तसंच हलू द्यावं, कड्यापाशी सुती दोऱ्याचे दोन वेढे द्यावेत आणि थांबावं. खुळखुळ्या चाकूची किंमत थोडी कमी होते, उघडून पुन्हा बसवलेल्याची फार.

आत खरंच काही आहे का, हे न उघडता बघायचा एक मार्ग आता लोक वापरतात: क्ष-किरण. चित्रात पात्याची शेपटी पांढरी शुभ्र येते. तिच्याभोवती सुरळी असेल तर तिचे वेढे मोजता येतात, सोन्याचे चांदीपेक्षा ठळक. लाखेतले बुडबुडे गोल काळे ठिपके म्हणून दिसतात. केस दिसत नाहीत. आणि मुठीच्या तळाशी, जिथे ती पाटीवरून झाडलेली धूळ असायला हवी, तिथे फिकट करडा डाग असतो. खडूचा असेल, नुसत्या मातीचा असेल. त्यावर काय लिहून पुसलं होतं ते चित्रात येत नाही.